वाचकांचे प्रश्न : कचेरीतले ई-मेल कोणी आणि किती काळ सांभाळावेत?

प्रश्न : मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात मी अकरा वर्षे नोकरी करते. गेल्या महिन्यात संगणक विभागाची सूचना आली की, सर्व्हरवरील जागा संपत आल्याने प्रत्येकाने एक वर्षापूर्वीचे सगळे ई-मेल महिनाअखेरपर्यंत काढून टाकावेत. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांनी ते त्याच संध्याकाळी केले. आता एका जुन्या ग्राहकाने २०२३ मधल्या मालाबद्दल तक्रार केली आहे आणि ड्रॉइंगमधला बदल ग्राहकाने ज्या ई-मेलने मान्य केला होता, तो सापडत नाही. साहेब म्हणतात, जबाबदारी ज्याची त्याची. मी अजून काहीच काढलेले नाही, पण माझा मेलबॉक्स जवळजवळ भरला आहे. मी काय करावे?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण अजून एकही ई-मेल काढलेला नाही, हे उत्तम झाले. ग्राहकाची तक्रार आलेली असल्यामुळे त्या ग्राहकाशी, त्या मालाशी आणि त्या ड्रॉइंगशी संबंध असलेले काहीही यापुढेही काढू नका. सूचनेत मला खटकले ते 'एक वर्षापूर्वीचे सगळे' हे तीन शब्द. कागद किती जुना झाला आणि कपाटात किती जागा उरली, एवढ्यावरून कागदाचा निकाल लावण्याची रीत कोणत्याही चांगल्या दफ्तरात कधी नव्हती. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत नस्त्यांची, म्हणजे फायलींची, अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. अ वर्गातली नस्ती कायमची ठेवायची, ड वर्गातली थोड्या काळापुरती, आणि हा वर्ग नस्तीचा विषय पाहून ठरतो. गायकवाडी अमलातले मोडी कागद आज बडोद्यात अभ्यासकांना पाहायला मिळतात, कारण ते लिहिणाऱ्या कारकुनांनी कागद दफ्तरचा मानला आणि दफ्तरातच ठेवला. आपल्या मेलबॉक्समधला ई-मेल हाही तसाच दफ्तरचा कागद आहे, आणि तो ठेवायचा की काढायचा हे दफ्तराच्या नियमाने ठरले पाहिजे.

ई-मेल म्हणजे तोंडी बोलण्यासारखे काहीतरी, खरा कागद तो सही-शिक्क्याचा, असा समज अजून पुष्कळ कारखान्यांत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ नुसार, एखादा मजकूर लेखी असावा असे कायदा सांगत असेल आणि तो पुढे पाहता येईल अशा इलेक्ट्रॉनिक रूपात असेल, तर ती अट पूर्ण झाली असे मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या प्रकरणात बॉक्साइटच्या पुरवठ्याचा करार, रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नसतानाही, दोन्ही बाजूंच्या ई-मेलमधून प्रस्ताव आणि स्वीकृती स्पष्ट होते म्हणून पूर्ण झालेला मानला. ग्राहकाने 'बदल मान्य आहे, उत्पादन सुरू करा' असे एका ओळीत कळवले असेल, तर ती एक ओळ आपल्या कंपनीच्या दृष्टीने ऑर्डरइतकीच मोलाची आहे. ती एका सूचनेवरून पुसली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सहकाऱ्यांचा तो ई-मेल मात्र अजून मिळू शकेल, आणि त्यासाठी हे उत्तर वाचाल त्याच दिवशी हालचाल करा. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेत पूर्णपणे काढून टाकलेला ई-मेल एरवी १४ दिवस परत मिळवता येतो, आणि कंपनीची ई-मेल व्यवस्था सांभाळणाऱ्याने आधी तशी योजना केलेली असेल तर ३० दिवसांपर्यंत. गूगलच्या सेवेत तो ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आणि कंपनीचे व्यावसायिक खाते असेल तर तेथून गेल्यानंतरही आणखी २५ दिवस कंपनीची ई-मेल व्यवस्था सांभाळणारा तो परत आणू शकतो. या मुदती उलटल्या असतील, तर त्या ई-मेलची प्रत आणखी कोणाकोणाला गेली होती ते आठवा. डिझाइन विभाग, दर्जा तपासणी, कारखान्याचे व्यवस्थापक, यांपैकी कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये ती असण्याची शक्यता बरीच असते. सर्व्हरचा बॅकअप घेतला जात असेल, तर तो पुढच्या बॅकअपखाली दडपला जाण्याआधी बाजूला काढून ठेवण्याची लेखी विनंती संगणक विभागाला करा.

आता जबाबदारीबद्दल. 'ज्याची त्याची' हे साहेबांचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. कोणता ई-मेल महत्त्वाचा आहे हे तो हाताळणाऱ्यालाच कळते, संगणक विभागाला कळत नाही. म्हणून तो ओळखून योग्य फोल्डरमध्ये लावण्याचे काम आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे आहे. परंतु कोणत्या प्रकारचा मजकूर किती वर्षे ठेवायचा हे ठरवणे कंपनीच्या चालकांचे काम आहे, आणि त्या ठरावाला पुरेल इतकी जागा उपलब्ध करून देणे संगणक विभागाचे. नियमच नसताना 'काढून टाका' असे सांगायचे आणि नुकसान झाल्यावर काढणाऱ्याकडे बोट दाखवायचे, हा कर्मचाऱ्यावर अन्याय आहे. आपण साहेबांना नम्रपणे एक ई-मेल लिहा : माझ्याकडे अमुक ग्राहकांच्या ऑर्डरी, ड्रॉइंगच्या मंजुऱ्या आणि तपासणीचे अहवाल आहेत, यांपैकी काय किती काळ ठेवायचे याचा लेखी निर्देश मिळेपर्यंत मी ते काढत नाही. त्याचे उत्तर जपून ठेवा.

वाद उभा राहिल्यानंतर ई-मेल काढणे ही तर वेगळीच, गंभीर गोष्ट आहे. न्यायालयापुढे पुरावा म्हणून यावयाची इलेक्ट्रॉनिक नोंद, ती येऊ नये या हेतूने नष्ट केल्यास भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या सहकाऱ्यांनी कोणत्याही वाईट हेतूशिवाय, वरिष्ठांच्या सूचनेवरून आणि तक्रार येण्याआधी हे केले आहे, त्यामुळे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तक्रार आल्याच्या दिवसापासून कंपनीने त्या विषयापुरती साफसफाई थांबवल्याचे सर्वांना लेखी कळवायला हवे होते. अजून कळवले नसेल तर आपण सुचवा.

राहिला मेलबॉक्सचा प्रश्न. जागा खाणारी गोष्ट मजकूर नसून अटॅचमेंट असते. ई-मेलमधून फाइल पाठवताना तिच्या दर तीन बाइट्सची चार अक्षरे होतात, त्यामुळे ९ एमबीचे ड्रॉइंग ई-मेलमध्ये सुमारे १२ एमबी होऊन बसते. तेच ड्रॉइंग आपण तिघांना स्वतंत्रपणे पाठवले, तर आपल्या 'सेंट' फोल्डरमध्ये त्याच्या तीन प्रती पडतात. म्हणून तारखेऐवजी आकारमानानुसार ई-मेल लावून पाहा आणि सर्वांत मोठे शंभर तपासा. बहुधा पहिल्या तासाभरातच बरीच जागा मोकळी होईल. जाहिराती, सुट्टीची परिपत्रके, बँकांचे प्रचाराचे ई-मेल, जेवणाच्या वेळेविषयीची बोलणी, हे निःशंक काढा. एक सावधगिरी बाळगा. 'शेवटच्या ई-मेलखाली आधीची सगळी उत्तरे असतातच, मग तेवढाच ठेवू' असा विचार पुष्कळजण करतात. पण उत्तर देताना मूळ ई-मेलची अटॅचमेंट गळून पडते, त्यामुळे मंजूर झालेले ड्रॉइंग ज्या मधल्या ई-मेलबरोबर आले होते, नेमका तोच हातचा जातो.

प्रश्न : वाघोडिया रस्त्यावर माझे यंत्रकामाचे छोटे युनिट आहे, चौदा माणसे आहेत. आमचे सगळे व्यवहार कामावरच्या मुलांच्या स्वतःच्या जीमेल पत्त्यांवरून चालतात. मार्चमध्ये हिशेब आणि वसुली पाहणारा मुलगा नोकरी सोडून सुरतेला गेला आणि तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्या खात्यात राहिला. तो वाईट नाही, पण आता फोन उचलत नाही. अशा वेळी काय करता येईल? आणि हे सगळे किती वर्षे ठेवावे लागते?
— एक लघुउद्योजक, बडोदे

उत्तर : आधी त्या मुलाला माणूस पाठवून किंवा त्याच्या ओळखीच्या कोणाकरवी निरोप पोहोचवा, आणि कंपनीचा पत्रव्यवहार तेवढा काढून देण्यासाठी एक दिवस मागून घ्या, त्याच्या त्या दिवसाचा आणि येण्याजाण्याचा खर्च आपण द्यावा, असे मला वाटते. खाते त्याचे आहे, पासवर्ड मागणे योग्य नाही. गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतला मजकूर काढून टाकू शकते, त्यामुळे 'असेल तिथे, कधीतरी पाहू' म्हणून हे पुढे ढकलू नका. शिवाय मोफत खात्याची १५ जीबी जागा ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत वाटलेली असते. घरच्या लग्नाचे फोटो वाढले की जागेसाठी आपल्या बिलांचे ई-मेल काढले जातात.

यापुढे कंपनीच्या नावाचे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःचे नाव, घ्या, आणि पत्ते माणसांच्या नावाने न काढता कामाच्या नावाने काढा : हिशेब, वसुली, खरेदी. माणूस बदलला तरी पेटी तीच राहते. कर्मचारी सोडून गेल्यावर त्याचे खाते लगेच डिलीट करण्याची घाई करू नका. गूगलच्या व्यावसायिक सेवेत डिलीट केलेला वापरकर्ता २० दिवसांपर्यंतच परत आणता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांपर्यंत. पासवर्ड बदला, त्याचा प्रवेश बंद करा, पत्रव्यवहार दुसऱ्या पेटीत हलवा, आणि सर्व पोहोचल्याची खात्री झाल्यावरच खाते बंद करा. नियुक्तिपत्रातही एक वाक्य घाला की, कामाचा पत्रव्यवहार कंपनीच्याच पत्त्यावरून होईल आणि नोकरी सोडताना तो सोपवला जाईल.

मुदतीबद्दल आपला व्यवसाय मालकीचा आहे की कंपनी आहे ते आपण लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब आणि नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा वर्षे असा हिशेब करणारे येथे नऊ महिन्यांनी चुकतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिच्या अंतिम निकालानंतर एक वर्ष, किंवा ही मुदत, यांपैकी जी नंतर संपेल ती पाळायची. कंपनी असल्यास कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांतल्या नोंदींची व्हाउचरे आठ आर्थिक वर्षे. ज्या ई-मेलच्या आधारे आपण बिल केले किंवा दर कमी केला, तो ई-मेल व्हाउचरच्या जोडीनेच ठेवायचा, हे ओघाने आले.

पण वसुलीचे ई-मेल मला याहूनही महत्त्वाचे वाटतात, कारण लघुउद्योजकाचे पैसे तेथेच अडकतात. आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार ग्राहकाला, करारात काहीही लिहिलेले असले तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. आणि 'स्वीकारल्याचा दिवस' कोणता, हे ग्राहकाने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली होती की नाही, यावर ठरते. त्या १५ दिवसांतला त्यांचा प्रत्येक ई-मेल, आणि हरकत आलीच नसेल तर माल पोहोचल्याच्या तारखेचा ई-मेल, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

थकबाकीच्या दाव्याला मुदत कायद्याने सामान्यतः तीन वर्षे मिळतात. मात्र ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर कबुलीच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ई-मेलने दिलेली कबुलीही ग्राह्य धरली आहे. 'आपले पैसे बाकी आहेत हे खरे, दिवाळीनंतर पाहू' असा ई-मेल वाचून आपल्याला राग येत असेल. तो काढून टाकू नका. तो सोडून गेलेल्या मुलाच्या खात्यात पडलेला असेल, तर त्याला गाठण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेत मी वीस वर्षे लेखनिक आहे. महत्त्वाचा प्रत्येक ई-मेल छापून मी फाइलला लावतो आणि मग संगणकावरून काढतो. नवे तरुण सहकारी हसतात. माझी पद्धत चुकीची आहे का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : फाइलला लावण्याची आपली शिस्त चुकीची मुळीच नाही, आणि ज्यांना ती हसण्यासारखी वाटते त्यांनी आपल्याकडून ती शिकावी. चूक आहे ती त्यानंतर मूळ ई-मेल काढण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद जतन केली असे कधी म्हणता येईल, याच्या अटी दिल्या आहेत : ती पुढे केव्हाही पाहता यावी, ज्या रूपात तयार झाली, पाठवली किंवा मिळाली त्याच रूपात असावी किंवा मूळ मजकूर अचूक दाखवू शकेल अशा रूपात असावी, आणि ती कोठून निघाली, कोठे गेली, कोणत्या तारखेला व वेळी गेली किंवा मिळाली हे तिच्यावरून कळावे. छापील कागदावर आपल्याला चार ओळींचे शीर्षक दिसते. पण मूळ ई-मेलच्या पोटात तो कोणकोणत्या सर्व्हरवरून, कोणत्या क्षणी पुढे गेला याची पूर्ण नोंद असते, आणि ती छापताना येत नाही. आवक-जावक नोंदवही आपण सांभाळली असेल, तर ही नोंद म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको.

न्यायालयात गेल्यास हा फरक फार बोचतो. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरण समोर न आणता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत किंवा छापील कागद दाखल करायचा असेल, तर त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. तेव्हा ही तरतूद भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे, आणि प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, त्यांतला दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळच उरले नाही, तर कोणीही ते प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यावे? छापा, फाइलला लावा, पण मूळ ई-मेल ठेवा. दुसऱ्या जागी हलवायचा असेल तर 'फॉरवर्ड' करू नका, कारण त्याने नवाच ई-मेल तयार होतो. ई-मेल फाइलच्या रूपात जतन करण्याची सोय असते, ती एखाद्या तरुण सहकाऱ्याकडून शिकून घ्या.

प्रश्न : जुने ई-मेल आम्ही कचेरीतल्या एका संगणकावर आउटलुकच्या फाइलमध्ये हलवत असू. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी तळमजल्यात शिरले आणि तो संगणक गेला. आता पुन्हा तशीच व्यवस्था करावी का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : तशीच करू नये. सर्व्हरवरची जागा वाचवण्यासाठी ई-मेल एकाच संगणकातल्या एकाच फाइलमध्ये नेले की, ती फाइल बिघडली, संगणक चोरीला गेला किंवा पाणी शिरले तर दुसरी प्रत कोठेच राहत नाही. त्यांतला एखादा ई-मेल शोधायचा झाल्यास त्या एकाच टेबलापाशी जावे लागते, ते वेगळेच. सर्व्हरवर 'आर्काइव्ह' म्हणून वेगळी पेटी घेता येते. तिचे भाडे एका नव्या संगणकापेक्षा पुष्कळदा कमी पडते. त्याशिवाय एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कचेरीच्या इमारतीत न ठेवता वरच्या मजल्यावरच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी ती उघडते का ते पाहा. पुरातल्या संगणकाची हार्ड डिस्क अजून जवळ असेल, तर ती चालू करून पाहू नका. माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे तशीच न्या.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागातून पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. माझ्या मेलबॉक्समध्ये पंधरा वर्षांतल्या उमेदवारांचे अर्ज, आधार कार्डांच्या प्रती आणि वैद्यकीय दाखले आहेत. हे सगळे जसेच्या तसे पुढच्या माणसाला सोपवावे का?
— एक वाचिका, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : जसेच्या तसे सोपवू नये, आणि स्वतःबरोबर तर काहीच नेऊ नये. वरच्या तिन्ही-चारही उत्तरांत मी 'ठेवा' असे म्हणत आलो. येथे काढण्याची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे, ज्या कामासाठी माणसाची माहिती घेतली ते काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे भाग नसेल, तर ती पुसली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. २०१४ मध्ये मुलाखतीला येऊन निवड न झालेल्या मुलीचे आधार कार्ड आपल्या पेटीत आज असण्याचे काही कारण नाही. नोकरीत असलेल्यांचे नियुक्तिपत्र, पगार, भविष्य निर्वाह निधी, अपघात यांविषयीचे ई-मेल कर्मचाऱ्याच्या नावाच्या फाइलमध्ये लावा. ज्यांचा वाद चालू आहे त्यांचे काहीही हलवू नका. उरलेले काढण्याआधी कोणत्या वर्षांचे, कोणत्या प्रकारचे आणि अंदाजे किती ई-मेल काढत आहात याची एक यादी करून वरिष्ठांची मंजुरी घ्या. ती यादी आणि ती मंजुरी मात्र पुढच्या माणसाच्या हाती द्या.